विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण का येते? प्लगइन घेण्याआधी वायरमनला का बोलवावं?

नॉइज गेट, महागडी केबल, नवं पिकअप या सगळ्याआधी भिंतीवरच्या सॉकेटचं तिसरं भोक तपासायला हवं. कारण प्रश्न फक्त आवाजाचा नाही.

इलेक्ट्रिक गिटार इंटरफेसला जोडली, हेडफोन कानाला लावला, अजून एकही तार छेडलेली नाही आणि 'हूंऽऽऽ' सुरू. गेन वाढवला की त्यावर 'झर्रर्र' असा दुसरा थर चढतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या ओळखीचा हा आवाज. सावेडी, केडगाव, भिंगारपासून संगमनेर, श्रीरामपूरपर्यंत आता एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक गिटार एवढ्या भांडवलावर गाणी तयार होतात. स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरची खोली. पंखा, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सगळं तिथंच.

आवाज घालवायचा कसा, असं कुणाला विचारलं की उत्तरं ठरलेली. गेट लाव, एआयवालं प्लगइन घे, केबल बदल, हंबकरची गिटार घे. यातलं काहीच पूर्ण चुकीचं नाही. पण क्रम उलटा आहे. माझं मत स्पष्ट आहे : पहिला खर्च वायरमनवर करा. बाकी सगळं नंतर.

हा आवाज येतो कुठून?

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेतो. घरातल्या प्रत्येक वायरीभोवती, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरभोवती त्याच तालात चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र हलत असतं. आपल्याला ते जाणवत नाही. गिटारच्या पिकअपला जाणवतं, कारण त्याचं कामच ते आहे. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे चुंबकाभोवती गुंडाळले की पिकअप झालं. स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं. पण क्षेत्र तारेनं हलवलं की पलीकडच्या स्टॅबिलायझरनं, हे पिकअपला कळत नाही. ते दोन्ही ऐकतं.

जाड, खालच्या पट्टीतली घुमघुम असेल तर तो 'हम'. त्यात ५० आणि १०० हर्ट्झचा भाग मोठा. कर्कश, माशीसारखी भुणभुण असेल तर तो 'बझ'. तो पंख्याच्या रेग्युलेटरमधून, स्वस्त एलईडी दिव्यातून, चार्जरमधून येतो आणि वरच्या शेकडो-हजारो हर्ट्झमध्ये पसरलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

एक गंमत सांगतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला 'जी' वाजवला की तो साधारण ९८ हर्ट्झ भरतो. विजेचा हम १०० हर्ट्झवर. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. आपला जी बेसूर आहे असं वाटून लोक ट्यूनरकडे धावतात. गिटार सुरात असते, सूर लागत नाही तो भिंतीतल्या विजेचा. आणखी एक : यूट्यूबवरचे बरेचसे धडे अमेरिकेतले असतात, तिथली वीज ६० हर्ट्झची. ते बघून इथल्या खोलीत ६० हर्ट्झवर फिल्टर लावायचा आणि 'काहीच फरक पडत नाही' म्हणायचं, हेही सर्रास चालतं.

मग हंबकर घेतला की प्रश्न मिटला?

अर्धा मिटतो. गिब्सन कंपनीतले इंजिनिअर सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते पेटंट १९५९मध्ये मिळालं. कल्पना सोपी आणि देखणी आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायची. एक सुलट, एक उलट गुंडाळायची आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे ठेवायचे. बाहेरून आलेला हम दोन्ही कॉइलमध्ये विरुद्ध दिशेनं तयार होतो आणि एकमेकांना खोडतो. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटच राहतो आणि दुप्पट होतो. हम मारतो म्हणून 'हंबकर'. (नगरकरांसाठी सूचना : ह्यूम मेमोरियल चर्चशी याचा संबंध नाही.)

पण हंबकर चुंबकीय हम मारतो. चार्जरमधून, केबलच्या शिल्डमधून, अर्थिंगच्या वायरीतून जो आवाज शिरतो तो पिकअपच्या पुढे शिरतो. तिथं हंबकर काय करणार? आणि सिंगल कॉइलचा खणखणीत आवाज हवा असेल तर तो बदलायचा तरी कशासाठी?

हीच अडचण आपल्या बँजोवाल्यांचीही आहे. लग्नात आणि गणपतीत वाजणारा टाइपरायटरसारख्या बटणांचा इलेक्ट्रिक बँजो, ज्यावर रवी जाधव यांनी २०१६मध्ये हिंदी चित्रपट काढला, त्यातही चुंबकीय पिकअपच असतं. जनरेटरशेजारी उभं राहून वाजवणाऱ्या बँजो पार्टीला भुणभुणीबद्दल नवीन काही सांगायची गरज नाही.

खरी भानगड : तिसरी पिन

थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन अर्थिंगची. तिचं पहिलं काम जीव वाचवणं. दुसरं, कमी माहीत असलेलं काम म्हणजे नको असलेल्या विद्युत आवाजाला जमिनीकडे वाट करून देणं. ही वाट बंद असली की तो आवाज दुसरी वाट शोधतो. ती दुसरी वाट म्हणजे तुमची ऑडिओ केबल, इंटरफेस आणि तुम्ही.

लॅपटॉपच्या चार्जरचंच बघा. आत शिरणारा गोंगाट गाळण्यासाठी चार्जरमध्ये छोटे कपॅसिटर असतात, ते गोंगाट अर्थच्या वायरीकडे ढकलतात. चार्जरचा थ्री-पिन टॉप तुम्ही त्या छोट्या पांढऱ्या कन्व्हर्टरमध्ये खोचून टू-पिन बोर्डात बसवला की अर्थ तुटला. आता लॅपटॉपची धातूची बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगते. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे शॉक बसत नाही, पण कडेवरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, पृष्ठभाग खरखरीत वाटतो. आपल्याकडे अनेकांना तो लॅपटॉपचा स्वभावच वाटतो. तीच गळती यूएसबीतून इंटरफेसमध्ये जाते आणि हेडफोनमध्ये भुणभुण बनून येते.

जुन्या नगरमधल्या वाड्यांत तर अनेक ठिकाणी बोर्डापर्यंत हिरवी वायर आलेलीच नसते. सॉकेट तीन भोकांचं, मागे वायरी दोन. लोणी, संगमनेर किंवा शहरातल्या कॉलेजांच्या आसपास भाड्यानं दिलेल्या वाढीव खोल्यांतही हेच दिसतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थ नाही म्हणून मागच्या मागे न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देणं. स्वस्तातला सॉकेट टेस्टर अशा सॉकेटला 'ठीक' म्हणतो. आणि एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला की अ‍ॅम्पची बॉडी, गिटारचा ब्रिज आणि सगळ्या तारा थेट फेजवर.

अर्थिंग आहे, तरी आवाज का?

इथं आपल्या जिल्ह्याची माती मध्ये येते. अर्थिंगचा खड्डा चालतो तो ओलाव्यावर. कोरड्या मातीतून, मुरमातून वीज सहज जात नाही. प्रवरेच्या पाण्यावरच्या राहाता, श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीत जे अर्थिंग निभावतं, तेच पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या मुरूम-खडकात एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे, हे शेतीच्या बातम्यांत आपण रोज लिहितो. घराच्या अर्थिंगलाही तेच लागू आहे, हे कुणी सांगत नाही. घर बांधताना मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी वीस वर्षांत कुणी उघडून पाहिलेली नसते. ती गंजून तुटलेली असली तरी दिवे लागतात, पंखा फिरतो. तक्रार करतो फक्त गिटारवाला.

थोडं गणित करू. समजा सुकलेल्या खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन फेज बॉडीला लागला. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. दहा अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा लोड वाटतो, तो पडत नाही. बॉडी मात्र जवळपास पूर्ण व्होल्टेजवर राहते. माणसाच्या छातीतून यातले काही दशांश नव्हे, तीस-चाळीस मिलीअँपिअर गेले तरी जीव धोक्यात येतो. म्हणूनच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. जाणारा आणि परत येणारा प्रवाह जुळला नाही की तो क्षणात वीज तोडतो, अर्थिंग कच्चं असलं तरी. 'सारखा पडतो म्हणून काढून टाकला' असं कुणी सांगितलं तर समजा, तो गळती दाखवत होता.

गिटारवाल्याला धोका जास्त का, हे समजून घ्या. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या शिल्डला आणि तिथून अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरला. दोघांचे अर्थ वेगळे किंवा एक तुटका असेल, तर डावा हात तारांवर आणि ओठ माइकवर टेकलेला गायक हाच त्या दोघांमधली वायर बनतो. प्रवाह छातीतून जातो. हे पुस्तकी भय नाही. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं मंचावर, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ मे १९७६मध्ये स्वतःच्या घरात गेला. हातात गिटार होती, अर्थिंग बरोबर नव्हतं. दुसरी घटना घरातली आहे, हे मुद्दाम सांगतो.

'पिन काढ, आवाज जातो'

हा सल्ला मंडपात आणि घरी अगदी सहज दिला जातो. आणि दुर्दैव असं की तो 'चालतो'. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीतून आणलेल्या एक्स्टेंशनवर आणि मध्ये ऑडिओ केबल. दोन्हीकडच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे केबलच्या शिल्डमधून प्रवाह फिरत राहतो. हाच ग्राउंड लूप. अ‍ॅम्पची अर्थ पिन काढली की वर्तुळ तुटतं आणि हम गायब होतो. सोबत संरक्षणही गायब होतं. आवाज गेल्यामुळे कुणाला शंकासुद्धा येत नाही. हा सल्ला देणाऱ्या माणसाला मी साउंडवाला मानायला तयार नाही, मग त्याचं नाव केवढंही असो.

वर्तुळ तोडायचंच आहे ना? मग सिग्नलच्या बाजूला तोडा. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स याचसाठी असतो. त्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण ऑडिओचा शिल्ड तोडतं, विजेचा अर्थ जागच्या जागी राहतो. त्याआधी फुकटचा उपाय करून पाहा. अ‍ॅम्प, इंटरफेस, लॅपटॉप, मॉनिटर स्पीकर हे सगळं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. घरच्या सेटअपचा लोड काही शे वॉटचा असतो, एका सॉकेटला तो पेलतो. बहुतेक ग्राउंड लूप इथंच संपतात.

घरी तपासायचं कसं?

वायरमन येईपर्यंत हे करता येईल, स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. आवाज एकदम पडला तर दोषी सापडला : चार्जर किंवा त्याचा अर्थ. घाई असेल तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा.

मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी आवाज तसाच राहिला तर तो गिटारनंतरच्या साखळीत आहे : केबल, पेडल, इंटरफेस, वीज. गेला तर गिटारमधून येतोय. आता खुर्चीसकट हळूहळू फिरा. ठरावीक कोनात हम वाढत-कमी होत असेल तर तो चुंबकीय, पिकअपनं पकडलेला. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून दोन-तीन मीटर लांब बसल्यानं मोठा फरक पडतो, कारण हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं घटतं.

तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर गिटारमधली ग्राउंडची जोडणी शाबूत आहे, शिल्डिंग कमी पडतंय. गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की बझ बराच उतरतो. ग्राउंडला जोडली नाही तर ती नुसती सजावट. आणि तांब्याची पट्टी ५० हर्ट्झचा चुंबकीय हम अडवत नाही, तेव्हा पट्टी लावूनही हूंऽऽऽ राहिला तर पट्टीला दोष देऊ नका. उलट, हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकमधल्या दोन वायरी उलट असू शकतात किंवा अर्थच नाही. आणि हाताला झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा. गिटार खाली ठेवा, मेन स्विच बंद करा.

पंख्याबद्दल दोन शब्द, कारण मे महिन्यात नगरमध्ये 'पंखा बंद करून रेकॉर्ड करा' म्हणणं सोपं आहे. फिरत्या गोल बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो, बझचा तो मोठा कारखाना आहे. तोच पंखा पूर्ण वेगावर ठेवला तर कापणी जवळपास थांबते. टप्प्याटप्प्यानं फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लाट कापत नाही, म्हणून खोलीत तोच बसवून घ्या. इन्व्हर्टरचंही तसंच. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, त्या चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशी रांगच असते.

प्लगइन काहीच कामाचं नाही?

आहे, पण मर्यादेत. नॉइज गेट तुम्ही वाजवत नसताना दार बंद करतं. वाजवताना दार उघडं, आवाज आत. लांब ओढलेल्या सुराची शेपूट मात्र ते कापून टाकतं. ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद फिल्टर लावले तर गिटारचे तिथले स्वरही झिजतात. शिवाय आपल्या ग्रिडची वारंवारता ५०ला खिळलेली नसते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहणं अपेक्षित असतं. दहाव्या पटीपर्यंत पोहोचताना तो छोटा फरकही दहापट होतो.

सगळ्यात महत्त्वाचं : डिस्टॉर्शननंतर हम वेगळा राहत नाही. डिस्टॉर्शन स्वर आणि हम यांची एकमेकांत घुसळण करून नवे आवाज तयार करतं. मग कुठलंही सॉफ्टवेअर दुधातून पाणी काढू शकत नाही. म्हणून गिटार साधी, कोरडी रेकॉर्ड करा, सफाई करायचीच तर तिथं करा आणि अ‍ॅम्पचा आवाज नंतर चढवा.

गोंगाट मुळाशी पकडायचा, याचं मोठं उदाहरण शेजारीच आहे. आळेफाट्याहून नगरकडे येताना फार लांब नाही, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीसाठी ही जागा निवडण्यामागे एक कारण म्हणजे इथला कमी रेडिओ गोंगाट. तिथल्या अभियंत्यांनाही विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास होतोच. त्यांच्याकडे सॉफ्टवेअरची काय कमी? तरीही ठिणगी पडणारा खांब कुठला, हे शोधावं लागतं. लाखो प्रकाशवर्षांवरचा आवाज ऐकणाऱ्यांना जे टळलं नाही, ते आपल्याला प्लगइननं टळेल असं मानायचं कारण नाही.

वायरमनकडून काय करून घ्यायचं?

'अर्थिंग आहे का बघा' एवढं सांगू नका. तो टेस्टर लावून 'आहे' म्हणेल. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असं दोन्ही व्होल्टेज मीटरवर मोजायला सांगा. पहिलं २३०च्या आसपास, दुसरं जेमतेम काही व्होल्ट असायला हवं. पहिलं ऐंशी, कधी एकशे वीस असं भटकत असेल तर अर्थ तरंगतोय. न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य दिसलं तर हुरळू नका, मागे न्यूट्रलची जोड आहे का हे उघडून पाहायला लावा. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनं मोजायला सांगा, शक्यतो उन्हाळ्यात. पावसाळ्यातला आकडा गोड येतो. मुरमाड जागेत मीठ-कोळशाऐवजी ओल धरून ठेवणाऱ्या केमिकल अर्थिंगचा विचार करा. मीटरपुढची वायरिंग आणि अर्थिंग धड ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर संकोच न करता मागा. आवाजाचं कारण सांगितलं तर मालक हसेल, शॉकचं सांगा.

हे सगळं झाल्यावरही सिंगल कॉइलचा थोडा हम उरेल. तो उरतोच. त्यासाठी गिटार गळ्यात घालून खोलीत फिरा, हम सर्वांत कमी होतो ती जागा आणि तो कोन शोधा आणि खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खूण करून ठेवा.